मऊ करणारं तेल, दाट करणारी भुकटी

जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी कंपास घेऊन दारात उभी राहिली. सुट्टीभर तो कंपास खिडकीशेजारच्या टेबलावर उन्हात पडून होता. आत पांढरं खोडरबर पारदर्शक पट्टीला असं चिकटलं होतं की ओढून निघेना. शेवटी मी ते सुरीनं उचकटलं. पट्टीवर खोडरबराच्या मापाचा चिकट खळगा पडला होता आणि सात ते दहा सेंटिमीटरच्या खुणा त्यात बुडाल्या होत्या. "काका, रबर वितळलं का हो?" तिनं विचारलं.

रबर वितळलं नव्हतं. पट्टी विरघळली होती. आणि विरघळवणारं तेल खोडरबरातूनच आलं होतं.

मी वीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत पीव्हीसीचा दाणा बनवण्याच्या कामावर होतो, त्यानंतर नऊ वर्षं रंगांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे आधी कडक वस्तू मऊ करण्यात आयुष्य गेलं, मग पातळ वस्तू दाट करण्यात. ही दोन्ही कामं करणारे पदार्थ आपल्या घरात सकाळी दात घासण्यापासून रात्री गाडीला कव्हर घालेपर्यंत हाताखालून जातात. त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात एक तर काहीच नसतं, नाहीतर नुसती 'केमिकल' या शब्दाची भीती असते. म्हणून हे लिहितो आहे.

बाजारातली बरीचशी पांढरी खोडरबरं रबराची नसून पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. बोअरवेलचा पाइप पाहा, खिडकीची पांढरी चौकट पाहा, तेच खरं पीव्हीसी. त्याचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात आणि साखळीवरच्या क्लोरीनमुळे त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. शेवया उकडून चाळणीत ठेवल्या आणि विसरल्या, तर त्यांचा एक गोळा होतो. चमचाभर तूप लावून ठेवलं की त्या मोकळ्या राहतात. पीव्हीसीला जे तेल लावतात ते हेच करतं. साखळ्यांच्या मधे शिरतं, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं, आणि साखळ्या सरकू लागतात. कडक पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला नरम पडायला लागतं. पुरेसं तेल घातलं की हा आकडा शून्याच्याही खाली जातो, म्हणून आपल्या हवेत ती वस्तू कायम मऊ लागते. या तेलाला म्हणतात प्लॅस्टिसायझर.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हे तेल साखळीला बांधलेलं नसतं. ते मधे नुसतं राहायला आलेलं असतं. शेजारी जास्त आवडीची जागा मिळाली तर तिकडे जातं. कंपासातल्या त्या पट्टीचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरीन, त्याला फार आवडतं. ऊन लागलं, दोन महिने अंगाला अंग लागून राहिलं, तेल पट्टीत गेलं. नव्या खोडरबरावर जे पुठ्ठ्याचं वेष्टण असतं ते याचसाठी असतं. मुलं पहिल्याच दिवशी ते काढून टाकतात.

कारखान्यात हे काम बघण्यासारखं असतं. पीव्हीसीचं रेझिन बारीक पांढऱ्या भुकटीसारखं येतं, मुठीत धरलं तर पाण्यासारखं बोटांमधून निसटतं. ते मोठ्या मिक्सरमध्ये टाकायचं. पाती इतक्या वेगानं फिरतात की घर्षणानंच भुकटी तापते. ८० अंशांच्या पुढे गेली की वरून तेल सोडायचं. पहिली दोन-तीन मिनिटं आत ओल्या वाळूसारखा चिखल दिसतो, मोटरचा आवाज जड होतो, ॲमीटरचा काटा चढतो. मग हळूहळू भुकटी तेल पिते. प्रत्येक कण आतून सच्छिद्र असतो, त्या छिद्रांत तेल जिरतं. काटा उतरतो, आवाज मोकळा होतो, आणि ११० अंशांच्या सुमारास झाकण उघडलं तर आत कोरडी, मोकळी भुकटी! शंभर किलो रेझिनमध्ये पन्नास किलो तेल गेलेलं असतं आणि बोटाला तेलाचा डागही लागत नाही. मी हे हजारो वेळा पाहिलं, तरी दरवेळी झाकण उघडताना नवल वाटायचं.

शंभर भाग रेझिनला किती भाग तेल, यावर सगळं ठरतं. पाइपला शून्य. वायरीच्या आवरणाला चाळीस-पन्नास. बागेत पाणी घालायच्या मऊ नळीला, रेनकोटाला त्याहून जास्त.

तेल कोणतं, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच नाव होतं, डीओपी. हे थॅलेट कुळातलं, स्वस्त, पीव्हीसीशी सहज जमणारं, सगळ्या कामाला चालणारं. शास्त्रीय पुस्तकांत आणि कायद्यांत त्यालाच डीईएचपी म्हणतात. त्याचा मोठा भाऊ डीआयएनपी, रेणू थोडा मोठा म्हणून कमी निसटणारा. आता बरेच कारखाने डीओटीपी वापरतात. नाव सारखं वाटलं तरी त्याची रचना वेगळी आहे आणि आरोग्याच्या दृष्टीनं ते बरं मानलं जातं. कडाक्याच्या थंडीत किंवा फ्रीजरमध्ये मऊ राहायला हवं तर ॲडिपेट. चाकण-पिंपरीत ज्या गाड्या बनतात त्यांच्या इंजिनाजवळच्या वायरींना उष्णता सोसायची असते, तिथे ट्रायमेलिटेट; त्याचा रेणू इतका मोठा की तापला तरी सहसा जागा सोडत नाही. लहान मुलांच्या वस्तूंना सायट्रेट, जे सायट्रिक ॲसिडपासून बनतं. सोयाबीनच्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं एक प्लॅस्टिसायझर बाटल्या-बरण्यांच्या झाकणातल्या मऊ चकतीत सापडतं. आणि सगळ्यांत स्वस्त म्हणजे सीपीडब्ल्यू, क्लोरिनेटेड पॅराफिन. हे एकटं पुरत नाही, मुख्य तेलाचा खर्च वाचवायला सोबत घालतात. त्यातल्या आखूड साखळीच्या प्रकारावर स्टॉकहोम कराराखाली २०१७ साली जागतिक बंदीचा निर्णय झाला. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर मिळणारा उग्र वासाचा स्वस्त रेनकोट कशानं मऊ केला आहे हे वरून कळत नाही. म्हणून तसला रेनकोट मी लहान मुलाच्या अंगावर घालत नाही.

प्लॅस्टिसायझरची सुरुवात मात्र पीव्हीसीपासून झाली नाही, कापरापासून झाली. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर कालवून सेल्युलॉइड बनवलं. कंगवे, बाहुल्या, आणि पुढे सिनेमाची फिल्म. पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ मध्ये सापडली, तीही रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधताना.

फिल्मचा विषय पुण्याच्या जिव्हाळ्याचा. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली. तेव्हाचे सिनेमे नायट्रेट फिल्मवर निघत आणि ती फिल्म लवचीक राहायची कापरामुळे. देवघरातल्या डबीचं झाकण सैल राहिलं तर आतली कापराची वडी लहान लहान होत जाते, तसाच फिल्ममधलाही कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो. फिल्म आक्रसते, ठिसूळ होते, यंत्राच्या दातांवर तिची भोकं बसत नाहीत. त्यात नायट्रोसेल्युलोज स्वतःच सडतं आणि भयंकर पेट घेतं. प्रभातच्याच आवारात, आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. जुनी फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवा असं जतन करणारे लोक पोटतिडकीनं सांगतात, त्यामागे हे रसायन आहे. थंडीत कापूरही कमी उडतो आणि सडणंही मंदावतं.

म्हणजे मऊ वस्तू कालांतरानं कडक का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन तडकतं, बागेतली नळी काठीसारखी होते, जुना रेनकोट घडीवर फाटतो, कारण तेल निघून गेलं. उन्हात उभ्या गाडीची काच आतून धुरकट होते, त्या थराचा एक भाग डॅशबोर्डातून आलेल्या अशाच तेलाचा असतो. निघालेलं तेल कुठेतरी जातं. ते आपल्या पोटात जातं का?

काही प्रमाणात जातं. डीईएचपी शरीरात साठून राहत नाही, एक-दोन दिवसांत बरंचसं लघवीवाटे बाहेर पडतं. पण रोज थोडं थोडं येत राहिलं तर शरीरात ते रोजच असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम दिसला, म्हणून युरोपनं ते प्रजननाला घातक पदार्थांत टाकलं आणि खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तुळशीबागेत खेळणं घेताना तो शिक्का बघायला अर्धं मिनिट लागतं. मूल तोंडात घालणार असेल तर ते अर्धं मिनिट जरूर द्या.

आणि तरी एक गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. रक्तदान शिबिरात रक्त ज्या मऊ पिशवीत घेतात ती पीव्हीसीची असते आणि तिच्यात पुष्कळ डीईएचपी असतं. त्यातलं थोडं रक्तात उतरतं. ते लाल पेशींच्या आवरणात जाऊन बसतं आणि साठवणीत पेशी फुटण्याचं प्रमाण कमी करतं. योग्य द्रावणात लाल पेशी ४२ दिवस टिकवतात, त्यात या तेलाचाही हात आहे. म्हणूनच रक्ताच्या पिशवीत त्याला पर्याय शोधणं खेळण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं.

स्वयंपाकघरापुरतं सांगायचं तर थॅलेटला तेल-तूप आवडतं, पाणी नाही. म्हणून लोणचं, तूप, गरम भजी यांचा मऊ पीव्हीसीशी संबंध येऊ देऊ नये. पाण्याच्या पेट बाटलीच्या नावात 'टेरेफ्थॅलेट' असतं म्हणून लोक घाबरतात, ते अनाठायी आहे. तिथे तो शब्द साखळीच्याच एका कडीचा आहे. वेगळं घातलेलं तेल तिच्यात नसतं. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांनाही मऊ करायला तेल लागत नाही.

बांधकामावर 'प्लॅस्टिसायझर' म्हटलं तर गोष्ट वेगळीच. सिमेंटचे कण पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून झुबके करतात आणि पाणी त्या झुबक्यांत अडकतं. माल घट्ट वाटतो, गवंडी पाइप धरतो. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि काँक्रीटमध्ये छिद्रं सोडतं, ताकद जाते. इथला प्लॅस्टिसायझर कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, अडकलेलं पाणी सुटतं आणि तेवढ्याच पाण्यात माल वाहायला लागतो. कागदाच्या लगद्यातून निघणारं लिग्नोसल्फोनेट हा जुना प्रकार, मग नॅप्थलिनवर आधारित, आणि आता फणीसारख्या रचनेचे पॉलिकार्बोक्सिलेट. सिमेंटच्या वजनाच्या एखाद टक्क्याच्या आसपास पुरतं. आपल्या सोसायटीचा स्लॅब पडत असेल आणि मिक्सरच्या गाडीत कोणी वरून पाणी सोडताना दिसला तर तिथल्या इंजिनिअरला जाऊन विचारा. भांडण झालं तरी चालेल.

आता दाटपणाकडे येतो. त्याआधी या दोन्ही गोष्टी जिथे एकमेकींवर आदळल्या तो प्रसंग सांगायला हवा. फळांच्या पेयात गर खाली बसू नये आणि ते छान गढूळ दिसावं म्हणून त्यात एक मिश्रण घालतात. साधारणपणे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक आणि खाद्यतेल. तैवानमध्ये मे २०११ मध्ये उघडकीस आलं, की काही पुरवठादार त्यात पामतेलाऐवजी डीईएचपी घालत होते. ते स्वस्त होतं आणि टिकत होतं. पेयं, जाम, औषधी गोळ्या, कितीतरी वस्तू बाजारातून परत घ्याव्या लागल्या. आमच्या मिक्सरमध्ये जे तेल ड्रमांतून ओतायचो, ते मुलांच्या सरबतात. ती बातमी वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

खरा थिकनर, म्हणजे दाट करणारा पदार्थ, कसा काम करतो ते आपल्या घरात रोज दिसतं. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की पिठल्याचं पीठ वैरायचं आणि ढवळत राहायचं. कढीला बेसन लावायचं, अळूच्या फदफद्याला लावायचं. 'आमटी मिळून आली' असं आपण म्हणतो तेव्हा पाणी आणि डाळ वेगळी राहिलेली नसतात, लांब रेणूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. पिठातल्या स्टार्चचे कण गार पाण्यात नुसते तळाशी बसतात. कॉर्नफ्लॉवर सुमारे ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतं, तेव्हा दाटपणा येतो. म्हणून कस्टर्ड पुरेसं तापेपर्यंत पातळ दिसतं आणि मग एकदम आळतं. तेच कस्टर्ड फ्रीजरमध्ये घालून बाहेर काढलं की पाणी सोडतं, कारण थंडीत स्टार्चच्या साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि पाण्याला बाहेर काढतात.

गवारीचं तसं नाही. आपण शेंगांची भाजी करतो, पण जगाला हवं असतं तिचं बी. त्या बियांच्या आतल्या भागाची भुकटी म्हणजे ग्वार गम. ती गार पाण्यातही फुगते आणि लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम घातली तरी चमचा जड चालतो. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही मुख्यतः राजस्थानात पिकते. अमेरिकेत जमिनीखालचे खडक फोडून तेल-वायू काढतात, तिथे वाळू पाण्यात तरंगती ठेवायला ही भुकटी लागते. त्या मागणीपायी २०१२ च्या सुमारास गवारीचे भाव आभाळाला भिडले होते. आइस्क्रीमच्या वेष्टनावर आयएनएस ४१२ (खाण्यात घालायच्या अशा पदार्थांना दिलेला क्रमांक) दिसलं तर ती गवार. ४१५ म्हणजे झँथन, एका जिवाणूकडून साखर आंबवून घेतलेला गम. ४६६ म्हणजे सीएमसी, लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून बनवलेला. घरी आइस्क्रीम करताना जीएमएस आणि सीएमसीच्या पुड्या आणतात, त्यातला जीएमएस दुधातलं स्निग्ध नीट मिसळून ठेवतो आणि सीएमसी पाणी धरून ठेवतो. वीज गेली, आइस्क्रीम थोडं वितळलं आणि पुन्हा गोठलं, तरी बर्फाचे मोठे खडे कमी होतात ते सीएमसीमुळे. एक सांगतो, ही भुकटी थेट दुधात टाकू नका. बाहेरून फुगलेली आणि आतून कोरडी अशी गुठळी होते आणि ती कितीही घोटली तरी मोडत नाही. आधी चार चमचे कोरड्या साखरेत मिसळा. साखरेच्या कणांमुळे भुकटीचे कण एकमेकांपासून लांब राहतात.

रंगाच्या प्रयोगशाळेत मी शिकलो की नुसता दाटपणा पुरत नाही. रंग डब्यात दाट हवा, नाहीतर रंगद्रव्य तळाशी बसेल. ब्रशखाली पातळ हवा, नाहीतर रंगाऱ्याचं मनगट दुखेल. आणि भिंतीवर लागला की लगेच पुन्हा दाट, नाहीतर ओघळ येतील. सेल्युलोजचा एक प्रकार, एचईसी, हे करतो. त्याच्या गुंतलेल्या साखळ्या ब्रशच्या ओढीनं एका दिशेला वळतात आणि सरकतात, ओढ थांबली की पुन्हा गुंततात. तेलाच्या रंगात हेच काम कच्छकडे सापडणाऱ्या बेंटोनाइट मातीवर प्रक्रिया करून घेतात. पुण्यातच पाषाणला, १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा न-धड-घन-न-धड-द्रव पदार्थांवर मोठं काम झालं आहे. डॉ. रघुनाथ माशेलकरांचं संशोधनही याच क्षेत्रातलं.

शाम्पूचा दाटपणा तर बहुतेक वेळा साध्या मिठाचा असतो. साबणाचे सूक्ष्म गोळे मिठामुळे लांब दोऱ्यांसारखे होतात आणि गुंततात. एका मर्यादेपर्यंत मीठ वाढवलं तर दाटपणा वाढतो, त्यापुढे तोच शाम्पू पाणी होतो. घरी करून बघा. वाटीत थोडा शाम्पू घ्या आणि चिमटीचिमटीनं मीठ घालून ढवळा. दाट शाम्पू केस जास्त स्वच्छ करतो हा समज त्या वाटीत संपेल.

एवढं सगळं मला कामातून माहीत होतं. दाट करणं म्हणजे नेमकं कशासाठी, हे कळलं गेल्या वर्षी, अण्णांना पक्षाघाताचा झटका आल्यावर. घरी आणल्यावर त्यांना भात गिळता येई, पण पाण्याच्या घोटाला ठसका लागे. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं, पाणी फार वेगानं घसरतं. श्वासनलिका झाकायला त्यांच्या घशाला जो क्षण जास्त लागतो तेवढ्यात ते आत शिरतं. पाणी दाट करून द्या. आणि भुकटी झँथनची घ्या, स्टार्चची नको, कारण लाळेतलं विकर तोंडातच स्टार्च तोडतं आणि घशाशी पोचेपर्यंत पाणी पुन्हा पातळ होतं. पाणी कमी प्यायलं जाईल, त्यावर लक्ष ठेवा, हेही त्यांनी बजावलं.

मोजायची रीतही दाखवली. ठरावीक मापाची दहा मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेली, तोंडाशी बोट, दहाच्या खुणेपर्यंत भरायची, बोट काढायचं आणि दहा सेकंद मोजायचे. साधं पाणी सगळं वाहून जातं. एक ते चार मिली उरलं तर पहिली पातळी, चार ते आठ उरलं तर दुसरी. अण्णांना दुसरी हवी होती. प्रयोगशाळेत मी लाखाच्या यंत्रावर दाटपणा मोजला होता. आता ओट्याशी उभा राहून सिरिंज धरायचो आणि बायको सेकंद मोजायची.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी खुणेनं चहा मागितला. गाळलेल्या चहात भुकटी घातली, ढवळली, थोडा वेळ थांबलो. सिरिंजमध्ये सहा मिली उरला. त्यांनी चमच्यानं पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ही तर पेज आहे." मग दुसरा चमचा मागितला. अर्धा कप संपला, एकदाही ठसका लागला नाही.